हरू देत, पण दिसू देत

बुरैदा
९ जानेवारी २०२६

ती. तुळसाअक्कास,
धाकट्या भिकूचा शि. सा. न. वि. वि.

अक्का, मी बरा आहे. थंडी मात्र अशी पडली आहे की सकाळी रंधा हातात धरवत नाही. वाळवंट म्हणजे ऊनच असं ज्यांना वाटतं, त्यांना बुरैद्याचा पौष एकदा दाखवायला हवा. तुझी लेक स्वप्नाली सांगत होती की तू कानाचं मशीन डब्यात घालून ठेवलं आहेस, कारण त्यातून माणसांपेक्षा कोंबड्याच मोठ्याने ऐकू येतात. तसं असेल तर राहू दे डब्यात. आपली पत्रं आहेतच. माझ्या खोलीतला नागेश, तो चिपळूणकडचा वेल्डर, नेहमीप्रमाणे या कागदाचा फोटो काढून स्वप्नालीला धाडील. लिहिण्याचा त्रास कशाला, बोलून रेकॉर्ड करून पाठवा, असं तो परवा म्हणत होता. मी त्याला म्हटलं की बहिऱ्या बहिणीला रेकॉर्ड पाठवणारा पहिला भाऊ म्हणून माझं नाव राहील.

आता मुद्द्याचं लिहितो. खाली बसून वाच.

आमच्या खजुराच्या कारखान्याचे मुदीर, म्हणजे मॅनेजर, त्यांचा पुतण्या इथल्या बुरैद्याच्या संघातून बास्केटबॉल खेळतो. त्या कौतुकापोटी त्यांनी कॅम्पच्या हॉलात मोठा टीव्ही लावून दिला. पण आठवड्याला एकच सामना सगळ्या देशाला दाखवतात आणि तो नेमका जेद्द्याच्या संघाचा असतो. ते शहर मोठं, दुकानं मोठी, जाहिराती मोठ्या, म्हणून कॅमेरेही तिथेच. आणि संघ असा की दर आठवड्याला हरतो. नसरुद्दीनभाई, आमचे रायगडकडचे एसी मेकॅनिक, म्हणतात की इतकं नेमाने हरायलासुद्धा सराव लागतो. बुरैद्याचा संघ जिंकतो आहे, पण त्याला कुणी विचारत नाही.

मीही हसत होतो, गेल्या शुक्रवारपर्यंत. त्या दिवशी एक खेळाडू घसरून पडला. घामाने फरशी ओली झाली होती. ती पुसायला एक पोरगा फडकं घेऊन धावत आला, टोपी डोळ्यांवर ओढलेली, पाठ कॅमेऱ्याकडे. तेवढीच पाठ मी बघितली आणि खुर्ची सोडून टीव्हीजवळ गेलो. अक्का, मला तो आपला रोशन वाटला.

खात्री नाही. दोन वर्षं झाली त्याला बघून. शीतगृहातल्या गारठ्याने बोटं काळी पडली म्हणून तो इथून निघून गेला, व्हिसावाल्या मालकाने, कफिलाने, त्याच्यावर हुरूब लावला, म्हणजे कामगार पळाला अशी सरकारात तक्रार केली, आणि मामा मला शोधू नका, तुमच्या इकाम्याच्या परवान्याला लागेल, एवढा निरोप टाकून त्याचा फोन बंद झाला. तेव्हापासून मला रस्त्यावरच्या प्रत्येक पोराची पाठ त्याचीच वाटते. म्हातारपणाचे डोळे आहेत माझे. म्हणून नागेशने टीव्हीवरून काढलेलं चित्रीकरण सोबत पाठवतो. तू आई आहेस. तू बघ.

लिहिताना आपली कोंडयेची शाळा आठवली. गुरुजींनी स्वतः जोडलेली ती होडीची कविता: सोड रे होडी, सोड किनारा, खिशात ने पण घरचा वारा. पुढच्या दोन ओळी काही केल्या आठवत नाहीत. तुला आठवतात का?

धाकट्यावर माया ठेव, नेहमी ठेवतेस तशी.
तुझा,
भिकू


कोंडये, ता. राजापूर
१५ जानेवारी २०२६

चि. भिकूस,
अ. उ. आ.

काल संक्रांत झाली. तिळगूळ फोटोतून जात नाही, तेव्हा गोड बोल एवढंच लिहिते, आणि मी गोड बोलणार नाही हेही लिहिते.

तो रोशनच आहे.

टोपी, पाठ, खांदे, यातलं मी काही बघितलं नाही. सगळ्यांना खांदे असतात. मी त्याचा हात बघितला. तुम्ही पुरुषांनी कधी खळं सारवलं नाही म्हणून तुला कळलं नाही. लादी पुसणारा माणूस पुढे-मागे सरळ रेघा ओढतो. हा कोपऱ्यापासून उकिडवा बसून मागे मागे सरकत आला, अर्धगोल हात फिरवत, पहिल्या गोलावर दुसरा निम्मा चढवत, आणि प्रत्येक गोल संपताना मनगट आत वळवलं. ते मनगट वळवलं नाही तर शेणाची वरंघळ, जाड रेघ, राहते आणि ती पायाला लागते. हे मी त्याला शिकवलं आहे. बाप गेल्यावर दरवर्षी दिवाळीनंतर आम्ही दोघांनी मिळून खळं केलं. वाडीतली पोरं त्याला बायल्या म्हणायची, तरी तो यायचा. आणि शेवटी उलट्या हाताने ओल तपासतो, तेही केलंन. चार वेळा लावून बघितलं. स्वप्नालीने मोठं करून दाखवलं. ती रडत होती, मी नाही.

तो त्या गुळगुळीत फरशीवर खळं सारवतो आहे, भिकू. त्याला स्वतःला तरी ठाऊक आहे का, देव जाणे.

आता तू उठ आणि जेद्द्याला जा. पण अक्कल वापर. हॉलात जाऊन रोशन रोशन म्हणून हाका मारू नकोस. हुरूब लागलेला पोरगा, कुणी ऐकलं तर पोलीस त्याला तिथूनच उचलतील. संघाच्या कचेरीत नाव घेऊन चौकशी करू नकोस. नुसता जा, तिकीट काढून बस, त्याच्या नजरेला पड. पुढचं तो करील.

कविता मला आठवते. तिसरीपर्यंतच शिकले, तरी आठवते. पण त्याची बातमी आणल्याशिवाय सांगणार नाही.

आशीर्वाद आहेतच, ते काही मी परत मागत नाही.
तुझी,
तुळसाअक्का


बुरैदा
२५ जानेवारी २०२६

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र नागेशने वाचून दाखवलं. माझा चष्मा भिजला होता. मी तीस वर्षं लाकडाचे रेशे बघून झाड ओळखतो आणि भाच्याचा हात ओळखला नाही.

सुट्टी मागितली. मुदीरसाहेब म्हणाले की रमजानचा माल बाहेर पडेपर्यंत कुणालाच सुट्टी नाही. त्यांचंही खरं आहे. रमजानच्या आधी सगळा देश खजूर उचलतो, दिवसभर ट्रक लागलेले असतात आणि माल चढवायचे लाकडी पॅलेट मोडले की भिकूच हवा. मी कारण सांगू शकलो नाही. भाचा दिसला म्हणालो असतो तर कुठला भाचा, हा पहिला प्रश्न. हुरूब लावणारा कफील आणि आमचे मुदीर एकाच ताटात जेवणारे. म्हणून जेद्द्याला समुद्र बघायचा आहे असं सांगितलं. ते हसले. समुद्र कुठे पळत नाही, असं म्हणाले.

तोवर शुक्रवारचा टीव्ही हेच माझं जेद्दा. संध्याकाळी आधीच जाऊन पुढची खुर्ची धरतो. गेल्या वेळी रोशन दोनदा दिसला. पहिल्यांदा नुसते गुडघे. दुसऱ्यांदा चेहऱ्याची एक बाजू, गाल आत गेलेला. पायातले बूट दोन वेगळे होते, अक्का, एक पांढरा आणि एक करडा. मग कॅमेरा खेळाडूकडे वळला. मी त्या कॅमेऱ्यावर इतका रागावलो की नसरुद्दीनभाईंनी मला विचारलं, चेंडूकडे बघायचं सोडून फरशीकडे काय बघता, सुतार आहात म्हणून का. ती फरशी मेपलच्या लाकडाची असते, मी म्हटलं. सगळ्यांना पटलं.

पण नवंच संकट उभं आहे. मुदीरसाहेबांनी फर्मान काढलं आहे की कॅम्पातल्या प्रत्येकाने त्या वाहिनीला निरोप पाठवायचा: हरणाऱ्या जेद्द्याला काय दाखवता, जिंकणारं बुरैदा दाखवा. ऑफिसातल्या तौकीरने अरबीत मजकूर करून दिला आहे, आपण फक्त बोटाने पुढे ढकलायचा. गावभर हेच चाललं आहे म्हणे, दुकानदार, शेतकरी, बाजारातले दलाल, सगळे. जेवताना वाद होतात. नसरुद्दीनभाई म्हणतात की मोठ्या शहरात जन्मलं की नापास झालं तरी पहिला बाक मिळतो, हा कुठला न्याय. नागेश म्हणतो की ज्याला बघणारे जास्त त्याला दाखवणार, धंदा आहे तो. सगळ्यांनी निरोप पाठवला. माझा फोन मी खिशातच दाबून धरला आहे.

ते लोक बरोबर आहेत, अक्का. हीच पंचाईत आहे. मी तटस्थ असतो तर मीही पाठवला असता.

तुझ्या शिव्यांचा धनी,
भिकू


कोंडये
३० जानेवारी २०२६

चि. भिकूस,
अ. उ. आ.

नागेशने पाठवलेल्या चित्रीकरणात दोन रंगांचे बूट बघितले. त्यानंतर दोन दिवस मी भाकरीला हात लावला नाही. स्वप्नाली म्हणते की आजकाल तशी फॅशन असते. मी तिच्याकडे नुसतं बघितलं.

तुमच्या वादाचं म्हणशील तर मला विचार. शिमग्यात आपल्याकडे काय होतं? वरच्या वाडीचं नमन म्हणजे गणपतीचं सोंग आहे की म्हशीचं ते कळत नाही, मृदंग एकीकडे, पाय दुसरीकडे. तरी पहिला मान त्यांचा, कारण त्यांची घरं जास्त. आपल्या वाडीचं नमन किती देखणं, पण त्याला पहाटेची वेळ, जेव्हा बघायला फक्त कुत्री उरतात. मी जन्मभर यावर भांडले. सभेत उभी राहून बोलले आहे. तेव्हा मला विचारलंस तर बुरैद्याला दाखवायला हवं. सरळ गोष्ट आहे.

पण आता मला सरळ गोष्ट नको. आता माझं पोर वरच्या वाडीत आहे.

काल देवळात जाऊन गाऱ्हाणं घातलं. गुरवाला वाटलं, गुडघ्यासाठी असेल. मी देवाला म्हटलं की त्या जेद्देवाल्यांना हरू देत, रोज हरू देत, हवे तेवढे तोंडावर पडू देत, पण दिसू देत. जितके पडतील तितकी फरशी ओली होईल. जितकी फरशी ओली, तितका माझा पोरगा पडद्यावर. हे गाऱ्हाणं देवाने आधी कधी ऐकलं नसेल.

तू काही कर. तू मोठा कवितावाला ना? लिही त्यांना. शब्दांचा काही उपयोग असेल तर आत्ता दाखव.

जीव टांगणीला आहे, तरी आशीर्वाद.
तुझी,
अक्का


बुरैदा
९ फेब्रुवारी २०२६

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं लिहिलं. तौकीरला बाजूला घेतलं आणि त्या वाहिनीला उलटा अर्ज करून द्यायला सांगितलं. त्याने माझ्या कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून. शेवटी चांगला मुलगा, ऐकलं त्याने.

मी काय लिहिलं ते तुला सांगतो. लिहिलं की आमच्या शाळेत साहेबांच्या तपासणीच्या दिवशी गुरुजी हुशार पोराला कविता म्हणायला उभं करत नसत. शेवटच्या बाकावरचा, जो अडखळतो, जो दर वेळी विसरतो, त्याला उभं करायचे. साहेब विचारायचे की हे काय. गुरुजी म्हणायचे की जो जिंकतो त्याच्याकडे जग बघणारच आहे, हरणाऱ्याकडे कुणी बघितलं नाही तर त्याला आपण आहोत हे कळणार कसं. लिहिलं की मोठं शहर म्हणजे मोठ्या इमारती नव्हेत, मोठं शहर म्हणजे तिथे हरवलेली पुष्कळ माणसं, आणि त्यांच्या घरची माणसं कुठे कुठे बसून त्या शहराचं चित्र दिसायची वाट बघत असतात. संघ हरतो आहे हे कबूल. पण त्याला झाकू नका. झाकलं की हरलेला आणि मेलेला यात फरक राहत नाही.

हे सगळं अरबीत कसं उतरलं कोण जाणे. तौकीर म्हणाला की शेवटचं वाक्य त्याने थोडं सौम्य केलं.

दोन दिवसांनी मुदीरसाहेबांनी बोलावलं. कुणीतरी सांगितलंच असणार. मला वाटलं, आता खलास, सामान बांधायचं. त्यांनी विचारलं की भिकू, बुरैद्याचं पाणी इतकी वर्षं प्यायलास आणि जेद्द्याची वकिली करतोस? मी म्हटलं, जेद्द्याची पोरं पडतात ते बघवत नाही. ते हसायला लागले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फोनवर बातमी दाखवली. पुढच्या आठवड्यापासून वाहिनी जेद्द्याचे सामने दाखवणार नाही. बुरैद्याचे दाखवणार. जिंकलेला माणूस उदार असतो. रमजानचा मालही निघून गेलाय, तेव्हा जा तुझा समुद्र बघून ये, असं म्हणून त्यांनी तिथेच सुट्टी दिली.

हॉलात सगळ्यांना सुक्करी खजूर वाटले. नसरुद्दीनभाई नाचले. मीही एक तोंडात घातला.

तरी ऐक, अक्का. टीव्हीवर दिसो न दिसो, सामना तर होणारच. शुक्रवारी जेद्द्यात आहे. गुरुवारी बसने निघतो. टीव्ही गेला तर गेला, मी स्वतः डोळ्यांनी बघीन. आता वाहिनी कशाला हवी?

तुझा उतावळा,
भिकू


जेद्दा
१४ फेब्रुवारी २०२६

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

रहमतुल्ला म्हणून एक आहेत, दापोलीकडचे, नसरुद्दीनभाईंच्या ओळखीचे. बंदराजवळ त्यांचं चहाचं हॉटेल आहे. त्यांच्या टेबलावर बसून हे लिहितो. समुद्र समोर आहे. मी अजून त्याच्याकडे नीट बघितलेलं नाही.

रोशन नव्हता.

हॉल एवढा मोठा आणि माणसं अशी विखुरलेली, जशी परीक्षेत बसवतात. कॅमेऱ्यांच्या जागा रिकाम्या, वायरी गुंडाळून ठेवलेल्या. मी तू सांगितल्याप्रमाणे अगदी पुढे बसलो, तो धावत येतो त्या कोपऱ्यासमोर. केस नीट विंचरले होते. पहिला खेळाडू पडला तेव्हा मी उभाच राहिलो. एक पोक्त बंगाली माणूस लांब दांड्याचा पोछा घेऊन सावकाश आला आणि त्याने सरळ रेघ ओढली. एक जाताना, एक येताना. संपलं. नंतर कितीदा पडले, दर वेळी तोच माणूस, त्याच सरळ रेघा. जेद्दा या वेळी जिंकलं, अक्का. या मोसमातला पहिला विजय, आणि बघायला कुणी नाही. मी एकटाच रडत होतो, शेजारच्या माणसाला वाटलं, आनंदाने.

सामना संपल्यावर त्या बंगाली भाईंजवळ गेलो. नाव घेतलं नाही. एवढंच विचारलं की ते फडक्यावाले पोरगे कुठे गेले. ते म्हणाले की ते रोजंदारीचे. टीव्ही असला की फरशीवरच्या जाहिराती चकचकीत दिसाव्या लागतात, घामाचा ठिपका चालत नाही, म्हणून बाहेरून पोरं बोलवायचे, कागद-बिगद न बघता. टीव्ही गेला, पोरं गेली. कुठे राहतात ते त्यांना माहीत नाही. जाता जाता म्हणाले की त्यातला एक बसून पुसायचा, मागे सरकत सरकत, आम्ही सगळे त्याला हसायचो, पण त्याने पुसलेल्या जागी पुन्हा कुणी घसरलं नाही.

अक्का, मला वाटलं होतं की कॅमेरा फक्त दाखवतो. तो उभा होता म्हणून रोशन उभा होता, हे मला कळलं नव्हतं. कुठल्या हरणाऱ्या संघाला दाखवायचं यावर आम्ही जेवताना भांडत होतो, आणि त्या दोरीला आपला पोरगा लोंबकळत होता.

आता मी काय करू ते सांग. मला काही सुचत नाही.
भिकू


कोंडये
१९ फेब्रुवारी २०२६

चि. भिकूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आता तीच जुनी चित्रं स्वप्नालीच्या फोनवर लावून बघते. त्यात तो पुसतो, उठतो, जातो. मी परत लावते. तो परत येतो. काल स्वप्नालीने फोन काढून घेतला, चार्ज करायचा म्हणून.

मी देवावर रागावले नाही. मी त्याला जेद्दा दिसू दे एवढंच म्हटलं होतं, त्याला तेवढंही जमलं नाही.

तुझ्यावरही राग नाही. तू लिहिलंस ते मी वाचलं. हरलेला आणि मेलेला यात फरक राहत नाही, असं पुन्हा कुणाला लिहू नकोस. मला ते वाक्य रात्रंदिवस टोचतं.

रोशनची बातमी असेल तरच लिही. नसेल तर कागद वाया घालवू नकोस.
अक्का


बुरैदा
८ मार्च २०२६

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

बातमी नाही, तरी लिहितो. ओरड मला.

रहमतुल्लाभाई दर जुम्म्याला मशिदीबाहेर, मजुरांच्या नाक्यावर, बसून पुसणारा कोकणातला पोरगा कुणी बघितला का म्हणून विचारतात. रोजे चालू असताना उन्हात फिरतात बिचारे. त्यांना एकाने सांगितलं की काम सुटलेले काही जण मिळून तरहीलला गेले. तरहील म्हणजे जिथे बिनकागदाच्या माणसांना ठेवतात आणि मग मायदेशी लावून देतात. आत कोण आहे ते बाहेर कळत नाही. तो त्यात असावा असं म्हणू की नसावा असं म्हणू, मला समजत नाही. मला तर आता देवाकडे काय मागावं हेही समजत नाही.

हॉलात दर आठवड्याला बुरैदा दिसतं. मुदीरसाहेबांचा पुतण्या छान खेळतो. सगळे ओरडतात. मी मागच्या भिंतीला टेकून बसतो. इथल्या मैदानावर पुसायला यंत्र आहे, माणूसच नाही.

गावचा शिमगा झाला असेल. पालखी तुझ्या खळ्यात आली का? खळं कुणी सारवलं?

दोन ओळी पाठव, शिव्यांच्या असल्या तरी चालतील. तेवढ्यावर तग धरीन.
भिकू


कोंडये
२ एप्रिल २०२६

चि. भिकूस,
अ. उ. आ.

खाली बसून वाच, असं तू मला लिहिलं होतंस. आता मी तुला लिहिते.

रोशन घरी आला.

सोमवारी दुपारी, राजापूरहून रिक्षाने. हातात एक प्लास्टिकची पिशवी. मी पडवीत तांदूळ निवडत होते, मला रिक्षा ऐकू येत नाही. सुपावर सावली पडली म्हणून वर बघितलं. तो उभा होता. बूट तेच, एक पांढरा, एक करडा.

फार वाळला आहे. भिंतीकडे तोंड करून झोपतो. माणसं बघायला येतात, त्यांच्यापुढे बसत नाही. माझ्याशीही बोलत नाही, पण मला ऐकू येत नाही आणि त्याला बोलवत नाही, तेव्हा आमचं बरं जमतं. स्वप्नालीच्या लहानपणीची पाटी माळ्यावरून काढली आहे. त्यावर तो लिहितो, मी वाचते, मग पुसून टाकतो.

थोडं थोडं करून जे लिहिलंन ते तुला सांगते. तुझ्या कॅम्पात फोन केला तर नंबर कफिलाकडे जाईल आणि तुला धरतील, अशी त्याला भीती होती. आम्हाला केला नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. शुक्रवारच्या सामन्यावर त्याचा आठवडा निघायचा, बाकी दिवस मिळेल ते. जेद्द्याचा संघ हरतो आहे, लोक बोलतात, टीव्ही जाईल, असं तिथेही चाललं होतं, आणि तोही प्रार्थना करायचा की जाऊ नये. तू तिकडे, मी इकडे, तो तिथे, तिघेही एकाच खेळावर डोळे लावून. मग टीव्ही गेला. काही दिवस उपाशीतापाशी फिरला. शेवटी दोघातिघांबरोबर आपल्या पायांनी तरहीलला गेला. तिथे बोटांचे ठसे घेतले, महिनाभर ठेवलं आणि विमानात बसवलं. आता त्याला परत त्या देशात जाता यायचं नाही.

मी पाटीवर विचारलं की टीव्ही राहिला असता तर काय केलं असतंस. त्याने लिहिलं, तिथेच राहिलो असतो.

भिकू, तुझा अर्ज त्या लोकांनी ऐकला असता तर माझा पोरगा अजून पडद्यावर असता. दर शुक्रवारी पाठ दिसली असती आणि आपण त्यावर सुखी राहिलो असतो. मी देवाचे पाय धरून तेच मागत होते. त्याने ऐकलं नाही. मी परवा जाऊन नारळ ठेवला आणि या वेळी काही न मागता परत आले.

काल जेवताना माझ्या हातून तांब्या कलंडला. पाणी पडवीभर झालं. मी उठायच्या आत तो ताटावरून उठला, कोपऱ्यात उकिडवा बसला आणि फडकं घेऊन मागे मागे सरकत पुसायला लागला. मान वर नाही. गोलावर गोल. पाणी संपलं तरी थांबेना, कोरड्या जमिनीवरच हात फिरत होता. स्वप्नाली तोंडाला पदर लावून आत गेली. मी जाऊन त्याच्यासमोर बसले आणि फडकं त्याच्या हातातून काढून घेतलं. सोडत नव्हता. मग सोडलंन. पुढचं मी पुसलं.

तुझ्या कवितेच्या राहिलेल्या ओळी, कबूल केल्याप्रमाणे:

वाट चुकली तर उघड खिसा तो,
वारा सांगेल गाव कसा तो.

मी पाटीवर लिहिल्या होत्या. त्याने वाचल्या. बाकी सगळं पुसतो, त्या अजून पुसलेल्या नाहीत.

खळं या वर्षी कुणी सारवलेलं नाही. पालखी तशीच येऊन गेली. दोन म्हाताऱ्या हातांचं ते काम नव्हे. रोशनला इतक्यात सांगणार नाही. तेव्हा तू ये. शिकवीन मी. मनगट आत वळवायचं, एवढंच अवघड आहे.

वाट बघते.
तुझी,
तुळसाअक्का